टो ट्रकवाला गिटारिस्ट आणि माझा चुकलेला व्हिडिओ



चॅनलवर माझा एक जुना व्हिडिओ आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो बघितलाय, कारण माझ्या सगळ्यात जास्त चाललेल्या व्हिडिओंमध्ये तो येतो. "एक पाय नोकरीत आणि एक पाय धंद्यात ठेवणारा माणूस मधल्यामध्ये आपटतो. राजीनामा द्या, उडी मारा, पोहायला आपोआप येतं," असं मी त्यात छाती ठोकून सांगितलंय. तेव्हा मी नुकताच तिशीत आलो होतो. बीबीए झालेलं, आणि वडिलांनी बसवलेलं इलेक्ट्रिकलचं दुकान आयतं हातात आलेलं. आयतं हा शब्द लक्षात ठेवा. मी स्वतः आयुष्यात कधी कुठला राजीनामा दिलेलाच नाही.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या एका बॅचमधला मुलगा दुकानात आला. घरगुती भाजणी आणि पिठांचा धंदा. बायको आणि आई मिळून करतात, आणि मी खाऊन सांगतो, भाजणी एक नंबर आहे. एमआयडीसीतली नोकरी सोडून त्याने गाळा घेतला, डिपॉझिट भरलं, बोर्ड लावला. आठ महिन्यांत गाळा सोडावा लागला. तो भांडायला आला नव्हता. शांतपणे म्हणाला, "सर, गिऱ्हाईक वाढत होतं हो. पण महिन्याला भाडं, हप्ता आणि घरखर्च. अजून एक वर्ष मिळालं असतं तर जमलं असतं." आणि मग जाता जाता, "तुमचा तो व्हिडिओ बघूनच मी राजीनामा टाकला होता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माल चांगला, माणूस कष्टाळू, गिऱ्हाईक येत होतं. कमी पडला तो वेळ. आणि तो वेळ विकत घ्यायचं त्याच्याकडे जे एकच साधन होतं, पगार, ते मी त्याला फेकून द्यायला लावलं.

आता मी तुम्हाला एका गिटारवाल्याबद्दल सांगणार आहे. विषय कुठून कुठे गेला असं वाटेल, पण थोडं थांबा.

फेब्रुवारी 2023 मध्ये माझा एक कॉन्ट्रॅक्टर कस्टमर मला ओढून मुंबईला घेऊन गेला. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल होता. मला ब्लूज म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांनी गायलेलं, कष्टाचं आणि विरहाचं संगीत, एवढं त्याने गाडीत सांगितलं. स्टेजवर आला बडी गाय. नाव वाचून हसू नका, मीही हसलो होतो. बडी हे लाडाचं नाव, गाय हे आडनाव, खरं नाव जॉर्ज. तेव्हा वय 86. मोठ्या दौऱ्यांचा निरोप घेणारा असा हा त्याचा दौरा होता. गिटार इतकी हळू वाजवायचा की हॉलमध्ये लोक श्वास धरून बसायचे, आणि पुढच्या क्षणाला असा आवाज काढायचा की छातीत धडधड व्हावी. मला संगीतातलं कळत नाही. पण गिऱ्हाईक कसं धरून ठेवायचं हे मला कळतं, आणि तो माणूस ते करत होता.

घरी येऊन त्याच्याबद्दल वाचत सुटलो, आणि एका ओळीवर अडकलो. शिकागोतल्या सगळ्यात मोठ्या ब्लूज कंपनीसाठी गिटार वाजवणारा हा माणूस 1967 पर्यंत दिवसा टो ट्रक चालवत होता. टो ट्रक म्हणजे रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी गाडी.

सुरुवातीपासून सांगतो. जन्म 30 जुलै 1936, लुइझियाना राज्यातल्या लेट्सवर्थ गावाजवळ. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारे, आणि पोरं कापूस वेचणारी. घरात वीज नाही. खिडकीच्या जाळीतली तार काढून, ती ताणून त्यावर सूर काढायचा, ही त्याची पहिली गिटार. पुढे बॅटन रूज शहरात आला, तिथल्या सरकारी विद्यापीठात साफसफाई-देखभालीच्या कामावर लागला, आणि संध्याकाळी छोट्या बँडमध्ये वाजवू लागला. म्हणजे बघा, नोकरी आणि कला दोन्ही सोबत, ही सवय तिथपासूनची.

तिथेच त्याने गिटार स्लिम नावाच्या कलाकाराला पाहिलं. स्लिम लांबच लांब वायर लावून हॉलच्या बाहेरून वाजवत आत यायचा. लोक स्टेजकडे बघत बसलेले, आणि आवाज मागून येतोय! बडीने ते डोक्यात ठेवलं आणि पुढे शिकागोत तेच केलं. लाजाळू पोरगा, तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण लांब वायर लावून लोकांमधून, प्रसंगी थेट रस्त्यावर वाजवत जायचा. मी वायर विकणारा माणूस, त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच आवडते. मुद्दा असा की बी. बी. किंग, मडी वॉटर्स यांच्यासारखी मोठी नावं समोर असताना, नवख्या माणसाने गर्दीत दिसायचं कसं, हा प्रश्न त्याने एका वायरच्या भेंडोळ्याने सोडवला.

25 सप्टेंबर 1957. शिकागोची ट्रेन. ही तारीख तो आजही दुसऱ्या वाढदिवसासारखी सांगतो. पहिले काही महिने वाईट गेले. पैसे संपले, उपाशी राहिला, परत जायच्या बेतात होता. मग कुणीतरी त्याला 708 क्लबमध्ये वाजवायला नेलं, आणि मडी वॉटर्स, म्हणजे त्या वेळचा शिकागो ब्लूजचा राजा, तिथे आला. त्याने या पोराला आपल्या गाडीत बसवून आधी सँडविच खायला घातलं. बडीने ही आठवण असंख्य वेळा सांगितलीय. तुमच्यातले काही जण आता म्हणतील, बघा सर, त्याने तर उडी मारली होती! हो, मारली. आणि उपाशी मरायची वेळ आली होती. त्यातून तो जे शिकला ते पुढच्या दहा वर्षांत दिसतं.

1960 पासून तो चेस रेकॉर्ड्स या कंपनीसाठी रेकॉर्ड करू लागला. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, कोको टेलर, अशा दिग्गजांच्या रेकॉर्डवर मागे जी गिटार आहे, त्यातली बरीच याची. पण त्याची स्वतःची खरी वाजवण्याची पद्धत, म्हणजे क्लबमध्ये रात्री वाजवायचा तो कर्कश, ताणलेला, घोंघावणारा आवाज, मालक लेनर्ड चेसला नको होता. त्याला तो नुसता गोंगाट वाटायचा. स्टुडिओत त्याला नीट, सभ्य वाजवायला सांगायचे.

आता तुम्ही त्याच्या जागी असता तर? तुमचा जो खरा माल आहे तो तुमचा सगळ्यात मोठा खरेदीदार नाकारतोय. घरी लहान पोरं आहेत. अशा वेळी माणूस दोनातलं एक करतो: एकतर माल बदलतो, नाहीतर दुकान बंद करतो. बडीने यातलं काहीच केलं नाही. स्टुडिओत ते म्हणतील तसं वाजवलं, रात्री क्लबमध्ये स्वतःला हवं तसं वाजवलं, आणि सकाळी ट्रकवर गेला. घरचं रेशन ट्रकमधून येत होतं, म्हणून रात्रीचा आवाज बदलावा लागला नाही. मला या माणसाच्या अख्ख्या आयुष्यात ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कुठल्याही पुरस्कारापेक्षा.

आपण म्हणतो नोकरी पायातली बेडी आहे. माझ्या व्हिडिओत मी हाच शब्द वापरलाय. आज मी म्हणेन, पगार हा तुमच्या धंद्यातला असा गुंतवणूकदार आहे जो पार्टनरशिप मागत नाही, व्याज लावत नाही आणि तुमच्या मालात लुडबूड करत नाही. त्याला फक्त तुमचे आठ-दहा तास हवे असतात. ते महाग आहेत, कबूल. पण सावकारापेक्षा स्वस्त आहेत.

(इथे एक गोष्ट. नोकरी कुठली हेही बघा. ट्रकचं काम दिवसा, वाजवणं रात्री, त्यामुळे दोन्ही जमलं. जी नोकरी रात्री दहा वाजता फोन करून लॅपटॉप उघडायला लावते, ती ठेवून धंदा होत नाही. अशी नोकरी बदला. सोडू नका, बदला.)

मग इंग्लंडमधली पोरं आली. एरिक क्लॅप्टनने 1965 मध्ये लंडनला बडीला ऐकलं आणि पुढे आयुष्यभर त्याचं नाव घेत राहिला. जिमी हेंड्रिक्स त्याला ऐकायला यायचा. या मंडळींनी तोच ताणलेला, घोंघावणारा आवाज मोठ्या बाजारात विकून दाखवला. बडी सांगतो की तेव्हा लेनर्ड चेसने त्याला बोलावून घेतलं, त्याच्यासमोर पाठ करून वाकला आणि म्हणाला, लाथ मार मला. तू हेच वाजवत होतास आणि मला कळलं नाही. गोष्ट त्याच्या बाजूने सांगितलेली आहे हे धरूनही, ऐकायला गोड आहे. पण बँकेत काय जमा झालं? लाथ मारून हप्ता फिटत नाही. 1967 नंतर बडी चेस सोडून व्हॅनगार्ड कंपनीकडे गेला, दौरे वाढले, ट्रक सुटला. 1970 मध्ये ज्युनियर वेल्ससोबत रोलिंग स्टोन्सच्या युरोप दौऱ्यात आधी वाजवायला गेला.

ज्युनियर वेल्सवरून आठवलं. 1965 च्या त्याच्या 'हूडू मॅन ब्लूज' या गाजलेल्या अल्बमवर गिटार बडीची आहे, पण नाव छापलं 'फ्रेंडली चॅप'. का? कारण चेसशी करार होता, दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डवर स्वतःचं नाव लावायची पंचाईत. स्वतःच्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी एकावर टोपणनाव! डिस्ट्रिब्युटरचा एक्स्क्लुझिव्ह करार न वाचता सही करणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

1972 मध्ये त्याने शिकागोच्या 43 व्या रस्त्यावर चेकरबोर्ड लाउंज हा क्लब भागीदारीत सुरू केला. नाव मोठं झालं. नोव्हेंबर 1981 मध्ये तिथे मडी वॉटर्सच्या कार्यक्रमात रोलिंग स्टोन्स येऊन वाजवून गेले, त्याचं चित्रीकरणही आहे. आता आपल्याकडे एखाद्या हॉटेलात सेलिब्रिटी येऊन जेवला तर मालक फोटो फ्रेम करून दहा वर्षं लावतो. पण फोटोने गल्ला भरत नाही. क्लब जुन्या वस्तीत होता, वस्ती उतरणीला लागलेली, आणि बाहेरचं गिऱ्हाईक तिथे सहज येत नव्हतं. 1980 च्या दशकाच्या मध्यात तो त्यातून बाहेर पडला.

त्याच दशकात रेकॉर्डच्या बाजूनेही हाल होते. मोठ्या अमेरिकन कंपनीचा करार नाही. परदेशातल्या छोट्या कंपन्यांकडे रेकॉर्ड करायचा, क्लबमधून वाजवायचा. वय पन्नाशीकडे. ज्यांना तो शिकवत होता ते स्टेडियम भरत होते.

आणि इथे तो काय करतो? जून 1989 मध्ये पुन्हा क्लब काढतो! बडी गाय्ज लेजंड्स. पण यावेळी जागा बघा. शहराच्या मध्यवर्ती भागाला लागून, साउथ वॉबॅश अव्हेन्यूवर. पलीकडच्या रस्त्यावर हिल्टनचं भलंमोठं हॉटेल, चालत अंतरावर ग्रँट पार्क. म्हणजे परगावचा, परदेशातला जो माणूस शिकागोत उतरतो आणि ज्याला शिकागोचा ब्लूज ऐकायचाय, तो बॅग खोलीत टाकून पायी येऊ शकतो. स्वयंपाकघरात लुइझियानाचं जेवण, म्हणजे त्याच्या गावाकडचं. माल तोच, आवाज तोच, पण दुकान गिऱ्हाईक उतरतं तिथे नेलं. पहिल्या क्लबच्या अपयशातून तो एवढंच शिकला असेल असं मी म्हणत नाही, त्याच्या डोक्यात काय होतं मला माहीत नाही. पण दुकानदाराच्या नजरेने दोन पत्ते शेजारी ठेवा, फरक दिसतो.

पुढचा क्रम नीट बघा, कारण प्रेरणादायी व्हिडिओवाले इथे चूक करतात. मीही करायचो. आम्ही सांगतो की माणूस हिट होतो आणि मग त्या पैशातून हॉटेल, क्लब, ब्रँड काढतो. इथे क्लब आधी आहे, 1989. हिट नंतर आहे, 1991. मध्ये क्लॅप्टनने त्याला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आपल्यासोबत वाजवायला बोलावलं, त्यातून सिल्व्हरटोन कंपनीचा करार झाला, आणि 'डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज' हा अल्बम आला. त्याला पहिलं ग्रॅमी मिळालं. वय 55. शिकागोत उतरून 34 वर्षं झाली होती.

34 वर्षं. आणि आमच्या कोर्सच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, 90 दिवसांत.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. एका माणसाच्या आयुष्यावरून नियम काढू नये. क्लॅप्टनने हात दिला नसता तर? बडीच्या बरोबरीचा, त्याच काळातला शिकागोचा गिटारिस्ट मॅजिक सॅम 1969 मध्ये 32 व्या वर्षी गेला. त्यालाही पुढची वीस वर्षं मिळाली असती तर काय झालं असतं, कोण सांगणार? शिवाय बडीची दोन लग्नं मोडली. दिवसा ट्रक, रात्री क्लब, मग वर्षानुवर्षं दौरे, याची किंमत घरच्यांनी मोजली असणार. "दोन्ही सांभाळा" म्हणणं सोपं आहे, सांभाळताना मोडतं कोण हे घरात विचारा. माझ्या बॅचमध्ये मी आता नवरा किंवा बायको, जो कोणी सोबत असेल, त्यालाही एक दिवस बसवतो. पहिल्या वेळी एका वहिनींनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "सर, हे रात्री अकराला घरी येणार, मग पोरांचा अभ्यास कोण घेणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नीट नाही.

तरीही माझं मत आता पक्कं आहे. चांगला माल असलेला माणूस बहुतेक वेळा माल वाईट म्हणून बुडत नाही. बाजाराला कळायच्या आत त्याचे पैसे संपतात. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये असं आपल्या आज्या सांगायच्या, आणि मी बीबीए करून त्यांना मागासलेलं समजत होतो.

नाव झाल्यावरही हा माणूस दुकानदारच राहिला. लेजंड्समध्ये तो दर जानेवारीत स्वतः कार्यक्रम करत आलाय, तिकिटं हातोहात संपतात. जानेवारीच का? शिकागोचा जानेवारी म्हणजे बर्फ आणि हाडं गोठवणारा वारा, माणूस घराबाहेर पडत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पंख्यांची विक्री जशी आडवी पडते, तसा हॉटेल-क्लबवाल्यांचा तो मंदीचा महिना. दुकानातला सगळ्यात भारी माल त्याने मंदीच्या महिन्यात काउंटरवर ठेवला! आपण उलट करतो. दिवाळीत जेव्हा गर्दी अशीही येणार असते, तेव्हा ऑफर लावतो. एरवीही गावात असला की तो क्लबमध्ये येऊन बसायचा, लोकांशी बोलायचा, मन झालं तर एखाद-दोन गाणी गायचा. 2010 मध्ये क्लबची जागा बदलली, तेव्हाही त्याच रस्त्यावर, जवळच राहिला.

आणि ते ठिपके. त्याची काळी गिटार पांढऱ्या ठिपक्यांची, शर्टही ठिपक्यांचे. फेंडर कंपनीने त्या ठिपक्यांची गिटार त्याच्या नावाने बाजारात आणली. मी व्हिडिओत हे "व्हिज्युअल ब्रँडिंग" म्हणून शिकवणार होतो, स्लाइडसुद्धा केली होती. मग कारण वाचलं. गाव सोडताना आई आजारी होती. तिला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, मी ठिपक्यांच्या कॅडिलॅक गाडीतून परत येईन. खोटं होतं, त्यालाही माहीत होतं. 1968 मध्ये आई गेली, गाडी काही आणली नाही. म्हणून ठिपके. ती स्लाइड मी काढून टाकली.

पुढे ग्रॅमी येत राहिले, 2005 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, 2012 मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान. त्याच वर्षी व्हाइट हाउसच्या कार्यक्रमात त्याने राष्ट्राध्यक्ष ओबामांना गायला लावलं. 2025 च्या 'सिनर्स' या सिनेमात नायकाच्या म्हातारपणाची भूमिका त्याचीच आहे, आणि त्याच वर्षी नवा अल्बमही आला. 89 व्या वर्षी.

माझा जुना व्हिडिओ मी डिलीट केलेला नाही. केला असता तर चूक लपवल्यासारखं झालं असतं. त्याच्या नावात "हे आता मी म्हणत नाही" असं जोडलंय, आणि खाली या लेखाची लिंक दिलीय. व्ह्यूज पडले, पडू दे.

भाजणीवाला मुलगा परत एमआयडीसीत लागलाय. पगार आधीपेक्षा दोन हजारांनी कमी, पण फर्स्ट शिफ्ट आहे, साडेतीनला सुटतो. गाळा नाही, घरूनच करतात, संध्याकाळी तो पाकिटं पोचवतो. मी त्याला शिकागोची गोष्ट सांगितली तर म्हणाला, "सर, ते गिटारचं जाऊ दे, तुमच्या काउंटरवर जागा आहे का?" आता एमसीबीच्या रॅकशेजारी त्याची थालीपिठाची भाजणी मांडलेली असते. वायर न्यायला आलेला वायरमन जाताना अर्धा किलो घेऊन जातो. कमिशन मी घेत नाही. अजून तरी.